गुठळीचं आईला सांगितलंत, मला कधी सांगणार होतात?

लहान मुलांच्या हार्टच्या सगळ्या डॉक्टरांना, म्हणजे सर्जन, फॉलोअपच्या ओपीडीत बसणारे, इको म्हणजे हार्टची सोनोग्राफी करणारे, सगळ्यांनाच,

नमस्कार. पत्र लांबलंय, आधीच सांगते, पण दोन-तीन वर्षं डोक्यात घोळतंय म्हणून आता एकदाचं लिहूनच टाकते. कुणा एकावर राग नाहीये. ज्यांनी मला चार वर्षांची असताना टेबलावरून जिवंत परत दिलं त्यांच्यावर तर नाहीच नाही.

मी २६ वर्षांची आहे. माझ्या हार्टला जन्मापासून एकच धड पंप, दुसरा नावापुरता. तीन ऑपरेशनं झाली, शेवटचं चौथ्या वर्षी, फॉन्टन नावाचं, त्यात शिरांमधलं रक्त थेट फुप्फुसात नेणारी नळी टाकली. त्यानंतर घरात, शाळेत, नातेवाइकांत एकच वाक्य, पोरगी बरी झाली. तुम्हीही तेच म्हणायचात, इको झाला की "एकदम मस्त" आणि माझ्या डोक्यावर टपली. मी ते इतकं मनावर घेतलं की कुठल्याही फॉर्मवर 'काही आजार आहे का' असं आलं की बिनदिक्कत 'नाही' लिहायचे. खोटं बोलत नव्हते हो, मला खरंच तसं वाटायचं.

२३ व्या वर्षी त्या फॉन्टनच्या नळीत गुठळी सापडली.

कशी ते सांगते. पाळीत अंगावरून फार जायचं, तारखांचाही पत्ता नसायचा, म्हणून एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं आधी काही आजार? मी म्हटलं लहानपणी हार्टचं ऑपरेशन झालंय, पण आता ठीक आहे. त्यांनी मान डोलावली आणि हॉर्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या, त्या नेहमीच्या, इस्ट्रोजेनवाल्या, लाखो बायका घेतात त्याच. आता मला माहितीये की इस्ट्रोजेनने रक्त गोठायचा कल वाढतो, बाकीच्या बायकांना तेवढा धोका सहसा झेपून जातो, आमच्यासारख्यांना ती गोळी द्यायचीच नसते. नुसत्या प्रोजेस्टेरॉनचे वगैरे दुसरे पर्याय असतात. पण त्यासाठी त्या खोलीत कुणीतरी 'फॉन्टन' हा शब्द उच्चारायला हवा होता ना! त्यांना तो माहीत असायचं कारण नव्हतं, आणि मला... मला पण माहीत नव्हता. २३ वर्षांची, शिकलेली, नोकरी करणारी पोरगी, आणि स्वतःच्या छातीत काय केलंय त्याचं नाव सांगता येत नव्हतं.

तिसरं पाकीट चालू असताना जिना चढताना धाप लागायला लागली. मी म्हटलं कामाचा ताण, झोप नाही, वजन वाढलंय, जे सगळे म्हणतात ते. मग एका मैत्रिणीकडे बोटाला लावायचं ऑक्सिमीटर पडलं होतं ते गंमत म्हणून लावलं तर ८७. माझं नेहमी ९३-९४ असायचं एवढं मात्र पाठ होतं, लहानपणापासून तो आकडा ऐकत आलेय. तेव्हा कुठे चार वर्षांनी फॉलोअपची आठवण झाली.

इकोच्या खोलीतला तो प्रकार मी विसरणार नाही. इको करणाऱ्या ताई आधी छान गप्पा मारत होत्या, काय करतेस, कुठे असतेस, आणि मग एका जागी प्रोब थांबला आणि गप्पा पण थांबल्या. त्यांनी परत जेल लावलं, मला थोडं कुशीवर वळवलं, परत त्याच जागी. मी मान वळवून स्क्रीनकडे पाहिलं तर काळ्या पट्ट्यात काहीतरी राखाडी, एका बाजूला चिकटलेलं, आणि त्याचं टोक प्रत्येक श्वासाबरोबर हलकंसं हलत होतं. मी विचारलं काय आहे ते? "सर येऊन बघतील", एवढंच. त्या बाहेर गेल्या आणि मी पोटावर जेल तसंच घेऊन पडून राहिले, ते गार पडत गेलं.

मग सीटी. त्यातही एक गंमत झाली, म्हणजे आता गंमत म्हणते, तेव्हा नव्हती. हाताच्या शिरेतून डाय सोडला आणि रिपोर्ट आला की एका बाजूच्या फुप्फुसातसुद्धा मोठी गुठळी. आई तिथेच खाली बसली. नंतर एका सीनियर डॉक्टरांनी फिल्म बघितली आणि म्हणाले थांबा, ही फॉन्टन आहे, हातातून सोडलेला डाय वरच्या शिरेतून येतो आणि बऱ्याचदा एकाच फुप्फुसात जास्त जातो, दुसरीकडे खालून पायाकडचं डाय नसलेलं रक्त जातं, म्हणून तिथे रिकामं दिसतं, ती गुठळी असेलच असं नाही. मग पायातूनही डाय देऊन परत काढलं तर फुप्फुस मोकळं, गुठळी नळीतच होती तेवढीच. एका माणसाला माहीत होतं म्हणून निभावलं. तो त्या दिवशी रजेवर असता तर, हा विचार मी करत नाही, म्हणजे करते पण लिहीत नाही.

त्या रात्री आईने घरून माझी जुनी फाइल मागवली. प्लास्टिकची, कोपरे फाटलेली. त्यात १९ वर्षांपूर्वीच्या डिस्चार्जच्या कागदावर खाली स्वच्छ लिहिलेलं, रक्त पातळ राहण्यासाठी अॅस्पिरिन चालू ठेवावी, गुठळीचा धोका पालकांना समजावला आहे. आणि खाली आईची सही. आई म्हणाली मला तर तेव्हा तू डोळे उघडलेस एवढंच कळत होतं, त्यांनी काय काय सांगितलं, मी सही केली. अॅस्पिरिन मी १८ वर्षांपर्यंत घेतली, आई रोज हातावर ठेवायची म्हणून. होस्टेलला गेले आणि सुटली. कुणी बंद केली नाही, मीच, कारण मला वाटायचं ती 'हार्ट मजबूत राहायची' गोळी आहे आणि माझं हार्ट तर मजबूतच आहे. हे सगळं बघता सांगा, गुठळीचा धोका नक्की कुणाला समजावला होतात? जिच्या अंगात नळी आहे तिला तर नाहीच. चार वर्षांच्या मुलीला सांगून उपयोग नव्हता, कबूल. पण मी नंतर १२ ची झाले, १५ ची झाले, १७ ची झाले, दरवर्षी येत होते तुमच्याकडे, आणि तुम्ही दरवर्षी माझ्या डोक्यावरून आईशी बोललात.

आता मला जे कळलंय ते माझ्या भाषेत लिहिते, चुकलं तर सांगा, आणि माझ्यासारखी कुणी पोरं हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी पण. साध्या हार्टला दोन पंप, एक फुप्फुसाकडे ढकलतो, एक अंगाकडे. आमच्याकडे एकच, तो अंगाला दिलेला. मग अशुद्ध रक्त फुप्फुसात जाणार कसं, तर फ्रान्समधल्या फ्रान्सिस फॉन्टन नावाच्या सर्जनने १९६८ मध्ये ते ऑपरेशन पहिल्यांदा केलं आणि १९७१ मध्ये ते छापून आलं, त्यातली कल्पना अशी की शिरांमधलं रक्त पंपाशिवायच फुप्फुसात जाऊ द्यायचं. पुढे त्यात बरेच बदल झाले, हल्ली बहुतेक हार्टच्या बाहेरून एक कृत्रिम नळी टाकतात, माझी तशीच आहे. तर ढकलायला पंप नाही, श्वास घेतला की ओढलं जातं आणि शिरांमधल्या दाबावर सरकतं. म्हणजे वाहतं, पण नदीसारखं नाही, कालव्याच्या शेवटच्या टोकाला जसं सुस्त पाणी असतं तसं. आणि सुस्त पाण्यात काय धरतं ते सगळ्यांना माहितीये.

गुठळीची तीन कारणं तुम्ही पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकता, विर्चोवच्या नावाची. रक्ताचा वेग मंदावणं, रक्त जिथून वाहतं ती आतली बाजू गुळगुळीत नसणं, आणि रक्तच गोठायला टपलेलं असणं. आमच्यात तिन्ही आहेत की! वेगाचं सांगितलं. आतून टाके, पॅच, नळी. आणि शिरांमधला दाब कायम जास्त असल्यामुळे लिव्हर वर्षानुवर्षं तुंबलेलं, आणि गोठणं आवरणारी प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटीथ्रॉम्बिन ही मंडळी तयार होतात त्याच लिव्हरमध्ये, ती बऱ्याच जणांत कमी सापडतात. त्यात कुणाला आतड्यातून प्रोटीन गळायचा त्रास असेल तर अजून वाईट. वर मी इस्ट्रोजेन घालून दिलं.

आणि अजून एक. बऱ्याच जणांच्या नळीला मुद्दाम एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं, दाब फार वाढला तर वाट मिळावी म्हणून. चांगल्यासाठीच. पण फुप्फुस ही शिरांमधून येणाऱ्या बारीकसारीक गुठळ्यांची गाळणीसुद्धा असते, आणि त्या छिद्रातून जे जातं ते गाळणी चुकवून थेट अंगाच्या पंपात, तिथून मेंदूत जाऊ शकतं. म्हणून आमच्यातल्या कुणालाही सलाईन लावताना नळीतला हवेचा बुडबुडासुद्धा चालत नाही. हे मला एका नर्सने सांगितलं, बुडबुडा टिचकीने काढता काढता, सहज. २३ वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

आता सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट. फॉन्टननंतर गुठळीचा धोका पहिल्या वर्षात जास्त असतो, मग कमी होतो, आणि दहा-बारा वर्षांनंतर परत चढायला लागतो. तुम्हाला हे माहीत आहे, तुमच्याच लोकांनी लिहिलंय. मग हिशोब करा ना. चार-पाच वर्षांच्या मुलाचं ऑपरेशन झालं तर दहा-बारा वर्षांनी तो होतो १५-१६ चा. म्हणजे धोका चढायला लागतो बरोबर त्याच वेळी आई गोळी द्यायची बंद होते, पोरगं शिकायला बाहेर जातं, मुलांच्या ओपीडीतून मोठ्यांच्या ओपीडीत पाठवायचं म्हणून तुम्ही एक चिठ्ठी देता आणि ती चिठ्ठी कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये राहते. पहिल्या चढाला आम्ही आयसीयूत तुमच्या डोळ्यांसमोर, दुसऱ्या चढाला आम्ही कुठेच नाही.

फक्त फॉन्टनवाल्यांचं नाही हे. मी वॉरफरिनवर, म्हणजे रक्त पातळ करायच्या गोळीवर असताना आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा) तपासायच्या रांगेत एक मुलगा भेटायचा, वीसेक वर्षांचा, त्याला धातूची झडप बसवलेली. परीक्षेच्या दिवसांत चार-पाच डोस चुकले आणि आयएनआर आला १.४, त्याला पाहिजे निदान दोनच्या वर. मी म्हटलं घाबरलास का, तर म्हणाला झडपेचा टिकटिक आवाज बारीक झाल्यासारखा वाटला तेव्हा घाबरलो. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की तो आवाज बदलणं ही धोक्याची खूण असते, त्याने स्वतःच ताडलं. नव्या गोळ्या निघाल्यात, ज्यांना आयएनआर लागत नाही, पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत, हे पण त्याला इंटरनेटवरून कळलं, तेही एकदा बदलून घ्यायचा विचार करून झाल्यावर.

अजून एकीची गोष्ट, माझ्याच वयाची, लहानपणी ऑपरेशन झालेली. अशा हार्टमध्ये टाक्यांच्या व्रणाभोवती करंट गोल गोल फिरत राहतो आणि हार्ट भरभर धावतं, तसं तिचं व्हायचं, दोन-दोन दिवस. तिला रक्त पातळ करायची गोळी द्यायची का म्हणून एका डॉक्टरांनी स्कोअर काढला, तो वय, बीपी, शुगर वगैरेचे मार्क जोडतात तो. २४ वर्षं वय, बीपी नाही, शुगर नाही, बाई असल्याचा काय तो एक मार्क. म्हणजे गोळी नको! अहो तो स्कोअर उतारवयातल्या, बांधणीत दोष नसलेल्या हार्टसाठी बनवलाय, त्यात आमच्या नळ्या, पॅच, बफल (आत शिवलेले रक्त वळवायचे पडदे) यांना मार्कच नाहीत. तिची गोष्ट इथेच थांबवते, ती आता नीट बोलू शकते, उजव्या हाताने अजून सही जमत नाही. आणि कॅज्युअल्टीत तिला पहिला प्रश्न काय विचारला माहितीये? काही घेतलंय का. तोंड वाकडं, बोलणं अडखळतंय, वय २४, म्हणजे घेतलेलंच असणार. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायला साडेचार तासांची मुदत असते, त्यातला वेळ तिच्या मैत्रिणीने ती पीत नाही हे पटवण्यात घालवला. छातीवर मधोमध उभा व्रण होता हो, शर्टचं एक बटण काढलं असतं तर दिसला असता.

घाबरवायला लिहीत नाहीये. स्वीडनमध्ये २०१६ साली आलेल्या अभ्यासात जन्मजात हार्टचा दोष असलेल्या मुलांना आणि तरुणांना गुठळीने होणाऱ्या स्ट्रोकचा धोका इतरांच्या जवळपास ११ पट निघाला. पण त्या वयात स्ट्रोक मुळातच फार कमी, त्यामुळे ११ पट होऊनसुद्धा बहुतेकांना तो होत नाही, हे पण सांगायला पाहिजे. तसंच साधं छिद्र लहानपणी बंद केलेला आणि फॉन्टनवाली यांचा धोका सारखा नाही, उगाच सगळ्यांनी धास्ती घ्यायची गरज नाही. पण कॅनडातल्या क्युबेकमध्ये तुमच्याच लोकांनी हिशोब मांडला, २०१५ मध्ये छापला, की असा दोष असलेल्या मोठ्या माणसांपैकी ११ पुरुषांत एकाला आणि १५ बायकांत एकीला १८ ते ६४ या वयात स्ट्रोक होतो. ११ त एक म्हणजे एका वर्गात तीन-चार. हे आकडे आमच्यापासून लपवायचे कशाला? आम्ही इतकं सोसून आलोय, आकडा सोसू की.

आणि जिथे तुम्हालाच नक्की नाही तिथे तसं सांगा ना. माझा सगळ्यात मोठा प्रश्न होता की अॅस्पिरिन बरी की वॉरफरिन, प्रत्येक डॉक्टर वेगळं सांगायचे आणि प्रत्येक जण छातीठोकपणे. मग मी स्वतः वाचलं. २०११ मध्ये आलेल्या चाचणीत फॉन्टन झालेल्या १११ मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं, पहिल्या दोन वर्षांत दोन्ही गोळ्यांमध्ये म्हणावा असा फरक निघाला नाही, आणि गुठळ्या दोन्ही गटांत झाल्या. नंतर रिव्हरोक्सबॅन आली, त्या आयएनआर न लागणाऱ्या नव्या गोळ्यांपैकी एक, २०२१ मध्ये अमेरिकेत फॉन्टन झालेल्या दोन वर्षांपुढच्या मुलांसाठी तिला परवानगी मिळाली. पण वीस वर्षं जुनी फॉन्टन असलेल्या माझ्यासारखीला काय, याचं उत्तर लहान मुलांवरच्या दोन वर्षांच्या चाचणीत कसं असणार. एका डॉक्टरांनी शेवटी सरळ सांगितलं, हे बघ, तुला एकदा गुठळी झालीये म्हणून वॉरफरिन, पण जिला झालेली नाही तिला कुठली द्यावी यावर आमचं एकमत नाही. मला त्या माणसाचा जास्त विश्वास वाटला. आज मी त्यांच्याचकडे जाते.

वॉरफरिनची पण एक कथा आहे, तुम्हाला हसू येईल. मी मुळात गेले होते कशासाठी, अंगावरून फार जातं म्हणून. त्यावरच्या गोळीने गुठळी, गुठळीवरच्या गोळीने अंगावरून दुप्पट. हिमोग्लोबिन खाली. मग गर्भाशयात बसवायचं प्रोजेस्टेरॉनवालं साधन सुचवलं, तेही हॉस्पिटलमध्येच, मॉनिटर लावून, कारण बसवताना भोवळ आली, नाडी मंदावली तर आमच्या पंप नसलेल्या रक्ताला ते झेपत नाही. हे सगळं हार्टच्या आणि बायकांच्या डॉक्टरांनी एकत्र बसून वीस मिनिटांत ठरवलं. वीस मिनिटं! ती मला १६ व्या वर्षी मिळाली असती तर चाललं असतं.

म्हणून मागणं एवढंच आहे. मूल १२-१३ वर्षांचं झालं की आईबाबांना दहा मिनिटं बाहेर बसवा आणि त्याच्याशी बोला. पाठकोऱ्या कागदावर त्याचं हार्ट काढून दाखवा, त्याच्या ऑपरेशनचं नाव त्याच्याकडून वदवून घ्या, दरवेळी. 'बरी झालीस' म्हणू नका, 'दुरुस्ती छान झालीये, लक्ष ठेवायला लागेल' म्हणा, तेवढं कळतं आम्हाला. मुलींना पाळी सुरू झाली की गोळ्यांचं सांगा, लग्न ठरायची वाट बघू नका, आईसमोर तर विचारूच नका कारण आईसमोर आम्ही खरं सांगणार नाही. सिगरेटचं विचारा. वॉरफरिनवर असताना दिवस गेले तर काय होतं, पहिल्या तीन महिन्यांत बाळाला काय धोका असतो, ते आधी सांगा, नंतर नाही. लांबच्या प्रवासात पाय हलवा, पाणी प्या, जुलाब-उलट्या झाल्या तर अंगावर काढू नका, ही सगळी दोन-दोन वाक्यांची कामं आहेत. आणि एक कागद द्या, एकच, जो कॅज्युअल्टीतल्या रात्रपाळीच्या डॉक्टरला पुढे करता येईल, ज्यावर मोठ्या अक्षरात असेल की हिचं रक्त कसं फिरतं, गुठळीचा धोका आहे, सलाईनमध्ये हवा नको, सीटीचा डाय कसा द्यायचा, कुणाला फोन करायचा. माझा मी बनवून घेतलाय, लॅमिनेट करून पाकिटात असतो, फोनमध्ये फोटो. माझा आहे. पण तो मी मागितला म्हणून मिळाला.

वेळ नसतो तुम्हाला, बघते मी, बाहेर साठ जण बसलेले असतात. पण ती दहा मिनिटं कुणाला दिलीत तर वाया जाणार नाहीत ते सांगते. मागच्या महिन्यात मी फॉलोअपला आले होते. माझ्या आधी एक मुलगा होता, तेरा-चौदाचा, मिसरूड फुटायला लागलेली, टीशर्टच्या गळ्यातून व्रणाचं वरचं टोक दिसत होतं. दार अर्धवट उघडं होतं. डॉक्टर त्याच्या आईला सांगत होते गोळी चालू ठेवा, बाकी मस्त. आई मान हलवत होती. तो मोबाइलमध्ये होता. बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं तुझं कुठलं ऑपरेशन झालंय रे? तो म्हणाला, हार्टचं.

त्याची पुढची तारीख सहा महिन्यांनी आहे. त्याच्या कागदावर बघितली मी.

तुमचीच एक जुनी पेशंट